नाशिकची द्राक्षे युरोपात : निर्यातीचा फायदा कधी येतो आणि कुणाच्या हाती राहतो

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा फायदा समजावताना बहुतेक पाठ्यपुस्तके डेव्हिड रिकार्डोच्या १८१७ च्या मांडणीपासून सुरुवात करतात. ज्याला जे तुलनेने स्वस्तात पिकवता येते त्याने ते पिकवावे, बाकीचे विकत घ्यावे, त्यात दोघांचे भले. मांडणी बरोबर आहे, पण तिच्यात काळ नाही. फायदा पहिल्या वर्षी मिळतो की दहाव्या, मधली वर्षे कुणी सोसायची, आणि एकदा मिळालेला फायदा टिकतो का, याबद्दल ती काही सांगत नाही. हे पाहायला नाशिक जिल्ह्यातल्या निफाड आणि दिंडोरी या तालुक्यांतून युरोपला जाणारी द्राक्षे हे चांगले उदाहरण आहे. पस्तीस वर्षांचा हा व्यापार तेजी, बंदीची टांगती तलवार, सुधारणा आणि पुन्हा घसरण अशा सगळ्या अवस्थांतून गेला आहे.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष आधीच सांगतो. देशी आणि परदेशी भावातली तफावत हा निर्यातीचा सर्वांत डोळ्यांत भरणारा फायदा, आणि तोच सर्वांत आधी आटतो. टिकतो तो त्या तफावतीच्या मागे लागून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळा, शीतसाखळी, नोंदी आणि हातांतले कसब यांचा फायदा. तो उशिरा येतो आणि सगळ्यांना सारखा मिळत नाही.

सुरुवात : १९९१

बागायतदार संघटित होतेच. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ साठच्या दशकापासून काम करत होता. थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात रुळली होती. तिच्यातून तासगाव भागात तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजला सोनाका अशा निवडी शेतकऱ्यांनीच काढल्या होत्या. माल चांगला होता, पण तो तीन आठवडे टिकवून समुद्रापार नेण्याची व्यवस्था नव्हती. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी संस्था स्थापन केली. राज्य कृषी पणन मंडळ आणि राष्ट्रीय सहकार विकास निगम यांचे पाठबळ तिला होते. त्याच वर्षी जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, त्यामुळे परकी चलनात तोच भाव मिळाला तरी रुपयात जास्त पैसे हाती येऊ लागले.

युरोपच्या बाजारात भारतासाठी एक फट होती. दक्षिण आफ्रिका आणि चिलीचा हंगाम ओसरत जातो आणि इजिप्तचा माल मे महिन्याच्या सुमारास सुरू होतो. मधले मार्च-एप्रिलचे आठवडे भारताच्या वाट्याला येत. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीपासून, १२० ते १४० दिवसांत माल तयार होतो, म्हणजे वेळापत्रक आपसूक जुळत होते. तौलनिक लाभ म्हणतात तो नाशिकला हवामानाने आणि या फटीने दिला होता.

तरी सुरुवातीची वर्षे कठीण गेली. द्राक्ष तोडल्यावरही श्वसन करते आणि स्वतःची उष्णता निर्माण करते. पहाटे तोडलेला माल चार ते सहा तासांत पूर्वशीतकरणात, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी थंड करायला, गेला नाही, तर देठ तपकिरी पडतात आणि मणीगळ सुरू होते. पूर्वशीतकरणात मण्याच्या आतले तापमान ४ अंशांखाली आणायचे, मग साठवण शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत. कंटेनर माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो. हा फरक लक्षात न घेता अर्धवट गार झालेला माल भरला, तर त्याची उष्णता आतच कोंडते, पेटीत पाणी सुटते आणि राखाडी बुरशी पसरते. बुरशी रोखायला पेटीत गंधक वायू सोडणारा कागद, म्हणजे ग्रेप गार्ड, ठेवतात. तो कमी पडला तर कुज आणि पेटीत ओलावा असताना जास्त सुटला तर देठाकडून मण्यांवर पांढरे डाग. दोन्ही प्रकारचा माल पोहोचल्यावर कमी दराने उचलला जातो. तेव्हा बहुतेक माल कन्साइनमेंटवर जाई, म्हणजे भाव तिकडे पोहोचल्यावर ठरे. नुकसान कळायचे तेव्हा बाग मोकळी झालेली असायची.

एका एकराचा हिशोब

काळाचा परिणाम नेमका कसा होतो ते दाखवण्यासाठी खालचे आकडे आम्ही मुद्दाम गोल आणि काल्पनिक घेतले आहेत. ते कुठल्या विशिष्ट वर्षाचे नाहीत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले नाते प्रत्यक्षातल्यासारखे आहे.

लोकल बाजारासाठी धरलेली बाग एकरी ११ टन देते आणि सरासरी ३० रुपये किलोने विकली जाते. एकूण ३ लाख ३० हजार रुपये. निर्यातीसाठी धरलेल्या बागेत घडांची संख्या मर्यादित ठेवावी लागते. विरळणी करून एका घडात साधारण ८० ते १२० मणी राखायचे, जिब्रेलिक आम्ल या वाढसंजीवकात बुडवून, म्हणजे डिपिंगने, घड लांबवायचा आणि मणी १६ ते १८ मिलिमीटरच्या वर न्यायचा. त्यामुळे उत्पादन ९ टनांवर येते आणि मजुरी, तपासण्या व प्रमाणपत्रे धरून एकरी ७० हजार रुपये जास्त लागतात. निर्यातीत बसलेल्या मालाला ७० रुपये मिळतात. न बसलेला माल तोडणीनंतर उरलेला असतो, म्हणून २५ रुपयांनी जातो.

नवखा बागायतदार पहिल्या वर्षी २५ टक्के माल निर्यातीत बसवतो. उत्पन्न सुमारे ३ लाख २६ हजार. वाढीव खर्च वजा केला की लोकल बागेपेक्षा सुमारे ७४ हजारांचा तोटा. हाच बागायतदार चार-पाच हंगामांनी ६० टक्के माल बसवू लागला की उत्पन्न ४ लाख ६८ हजार होते आणि खर्च जाऊन ६८ हजार रुपये जास्त उरतात. तोटा आणि फायदा यांच्यामधली रेघ ४३ टक्क्यांवर आहे. भाव, जमीन, द्राक्षाची जात यातले काहीही न बदलता केवळ शिकण्यामुळे तोट्याचा नफा झाला. ज्याच्याकडे पहिले दोन-तीन हंगाम सोसण्याइतके भांडवल किंवा सोसायटीची उचल होती तोच ही रेघ ओलांडू शकला. ‘निर्यातीत पैसा आहे’ हे ऐकून एका वर्षासाठी उतरलेले बरेच जण म्हणूनच हात पोळून परतले.

२००३ आणि २०१० : दोन धक्के

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिलसारख्या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. मालाचा दर्जा तोच होता, पण खरेदीदाराचा विश्वास गेला. विश्वास सामायिक असतो, हे व्यापारातले एक अवघड सत्य आहे. एका बागेतला माल नापास झाला की ‘भारत’ लिहिलेल्या प्रत्येक पेटीचा भाव पडतो. त्यामुळे एकट्या बागायतदाराने काळजी घेऊन भागत नाही.

उपाय सामूहिक झाला. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र होते. तिथे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली आणि कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेने अंश तपासणीचा वार्षिक आराखडा लागू केला. २००६ मध्ये ग्रेपनेट ही मालाचा बागेपर्यंत माग ठेवणारी नोंदव्यवस्था सुरू झाली. युरोपला माल पाठवायचा तर प्लॉटची कृषी विभागाकडे नोंदणी, प्लॉटला स्वतंत्र क्रमांक, फवारणीची नोंदवही, तोडणीपूर्वी अधिकृत प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः बागेतून घेतलेला नमुना, अहवाल पास झाल्यावर त्याच प्लॉटच्या मालाला पॅकहाउसमध्ये प्रवेश, मग अ‍ॅगमार्क हा दर्जाचा दाखला आणि शेवटी रोगमुक्ततेचा फायटोसॅनिटरी दाखला. नमुना नापास झाला की त्या प्लॉटचा माल युरोपसाठी तिथेच थांबतो. रॉटरडॅममध्ये पेटी उघडून काही सापडले, तर क्रमांकावरून निफाडमधल्या नेमक्या बागेपर्यंत मागे जाता येते.

एवढे असूनही २०१० मध्ये दुसरा धक्का बसला. या वेळी कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या तोंडी लिहोसीन किंवा सीसीसी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीची वाढ रोखून डोळ्यांत, म्हणजे काडीवरच्या अंकुरांत, घड तयार व्हावेत म्हणून ते फवारत. ते वेलीच्या लाकडात साठून राहते आणि पुढच्या हंगामाच्या फळात उतरते. त्यामुळे तोडणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची, हे नेहमीचे गणित इथे लागू पडत नाही. शिवाय हे रसायन अतिशय ध्रुवीय, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारे, असल्यामुळे अनेक कीटकनाशके एकदम शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते दिसतच नाही, त्याला वेगळी चाचणी लागते. आपल्या त्या वर्षीच्या तपासणी यादीत ते नव्हते, युरोपातल्या प्रयोगशाळांनी मात्र तपासले. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. सुमारे १३ टनांच्या अख्ख्या कंटेनरला हा हिशोब लावला तर साधारण पाऊण ग्रॅमही होत नाही. पास अहवाल हाती असताना माल तिकडे अडला, आणि निर्यातदार व बागायतदार यांच्यात चुकाऱ्यावरून वाद झाले.

आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा २००३ चा नसून २०१० चा आहे. २००३ मध्ये नियम मोडला गेला होता. २०१० मध्ये आपला नियम पाळूनही माल अडला, कारण खरेदीदाराची यादी आपल्या यादीपेक्षा मोठी होती. त्यानंतर तपासणीची यादी वाढली, सीसीसी बागेबाहेर गेले. पण सुपरमार्केटही थांबली नाहीत. जर्मनीतल्या काही साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशापर्यंतच अंश चालवून घेतात, आणि एका नमुन्यात एकूण किती रसायने सापडावीत यावरही चार-पाचाची मर्यादा घालतात. म्हणजे भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांवर फवारायच्या बुरशीनाशकांचे वेळापत्रक तोडणीच्या तारखेपासून उलटे मोजत बसवावे लागते. पावसाळी हवामानात हे फार कठीण जाते.

फायदा कुठे मुरला

२०१० नंतरची वाढ मोठी आहे. चांगल्या हंगामात एकट्या युरोपला लाखभर टनांच्या आसपास माल जाऊ लागला. २०२३-२४ मध्ये भारताची एकूण ताजी द्राक्ष निर्यात सुमारे ३.४४ लाख टन आणि किंमत सुमारे ३,४६० कोटी रुपये होती. पण निर्यातीचा आकडा म्हणजे फायदा नव्हे. फायदा शोधायचा तर निर्यातीच्या बाहेर काय बदलले ते पाहावे लागते.

ग्रेपनेटची रचना पुढे डाळिंब, आंबा आणि भाजीपाल्यासाठी वापरली गेली. द्राक्षाच्या चुकांची किंमत द्राक्षवाल्यांनी मोजली, व्यवस्था मात्र इतर पिकांना तयार मिळाली. पूर्वशीतकरण आणि कोल्ड स्टोरेज निर्यातीसाठी उभे राहिले, पण निर्यातीचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. उरलेल्या काळात त्याच खोल्यांत इतर फळे आणि भाजीपाला येऊ लागला, आणि स्थिर खर्च जास्त मालावर वाटला गेला. पेठ, सुरगाण्याकडून कामाला येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांत विरळणी आणि डिपिंग बिनचूक करणारे हात तयार झाले. हेच हात नंतर लोकल बागांतही काम करू लागले. त्यामुळे निर्यात न करणाऱ्या शेजाऱ्याचाही माल सुधारला. शहरी ग्राहक मोठ्या मण्याला जास्त पैसे मोजायला शिकला. शिवाय लाखभर टन माल देशी बाजारातून बाहेर गेला की त्या काळात लोकल भाव सावरतो, म्हणजे निर्यातीत नसलेल्यालाही काही मिळते. याची दुसरी बाजू अशी की गल्लीतल्या गिऱ्हाइकाला तेच द्राक्ष महाग पडते. निर्यातीच्या हिशोबात ही रक्कम कुणी मांडत नाही.

संघटनेचे रूपही बदलले. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने दिंडोरी तालुक्यात मोहाडीला उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्षापासून सुरू होऊन अनेक फळे, भाज्या आणि प्रक्रियेत गेली. २०२२ मध्ये तिने युरोपीय गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपयांचे भांडवल उभारले. पहिल्या कंटेनरच्या वेळी अशा भांडवलाची कल्पनाही करता आली नसती. वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि वेळेवर पोहोचलेला माल हेच तिथे तारण ठरले.

तफावत आटते तेव्हा

ज्या फटीतून व्यापार सुरू झाला ती फट दुसऱ्यांनाही दिसते. पेरूने गेल्या दोन दशकांत वाळवंटी किनाऱ्यावर ठिबकवर मोठ्या बागा उभारल्या, जुन्या जाती उपटून स्वामित्व हक्काच्या नव्या जाती लावल्या आणि जगातल्या आघाडीच्या द्राक्ष निर्यातदारांत स्थान मिळवले. चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेला व्यापार करारांमुळे युरोपात शुल्क नाही. भारतीय द्राक्षाने बरीच वर्षे शुल्क भरून तीच स्पर्धा केली. सुपरमार्केटलाही आता थॉमसनपेक्षा करकरीत आणि जास्त टिकणारा मणी हवा असतो.

वरच्या हिशोबात निर्यातीचा भाव ७० वरून ५५ केला, बाकी सगळे तसेच ठेवले, तर नफा-तोट्याची रेघ ४३ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर जाते. म्हणजे काल नफ्यात असलेला, ६० टक्के माल बसवणारा कसलेला बागायतदार आज तोट्यात. पण मधल्या वर्षांत निर्यातीच्या पद्धतीने वाढवलेल्या उरलेल्या मालाला देशी बाजारात २५ ऐवजी ३५ रुपये मिळू लागले असतील, तर रेघ ४७ टक्क्यांवर उतरते. सामायिक प्रयोगशाळा, पॅकहाउस आणि एकत्रित खरेदीमुळे वाढीव खर्च ७० वरून ४५ हजारांवर आला असेल, तर ती ३३ टक्क्यांवर येते. परदेशी भाव पडूनही निर्यात परवडते ती या कारणाने. आणि ज्याच्या भागात देशी दर्जाबाजार आणि सामायिक सोय तयार झाली नाही, त्याला तोच पडलेला भाव बाहेर फेकतो. दोन शेजारी तालुक्यांत निर्यातीचा अनुभव इतका वेगळा का, याचे उत्तर आम्हाला तरी बहुतेक वेळा इथेच सापडले आहे.

काही धक्के या गणिताबाहेरचे असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पाऊस. बांगलादेशने आयात शुल्क वाढवले तेव्हा युरोपच्या निकषात न बसणाऱ्या मालाचा मोठा आधार डळमळला. सांगली-तासगावकडे असा माल बेदाण्याला वळवता येतो, नाशिककडे ती सोय तुलनेने कमी. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि न्हावा शेवा ते रॉटरडॅम प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. प्रवास लांबला की ढिलाईला जागा उरत नाही. तीन आठवड्यांच्या प्रवासात खपून जाणारी पूर्वशीतकरणातली दोन तासांची दिरंगाई पाच आठवड्यांत उघडी पडते.

पुन्हा पहिले वर्ष

सध्याचा कळीचा प्रश्न जाती बदलण्याचा आहे. अ‍ॅरा गटातल्या जातींसारखे परवान्यावर मिळणारे वाण नाशिकमध्ये आले आहेत. पण वेल बदलणे म्हणजे गणित पुन्हा शून्यावरून सुरू करणे. जानेवारी ते मार्चमध्ये डॉगरिज हा खुंट, म्हणजे मुळांसाठीची वेल, लावायचा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर कलम भरायचे, वेलीचा सांगाडा तयार करायचा, आणि पहिला विक्रीयोग्य माल लागवडीपासून साधारण दोन वर्षांनी. त्यात परवाना शुल्क, शिवाय माल कुणामार्फत विकायचा यावरही बहुधा परवानाधारकाची अट. नव्या जातीला आपल्या मातीत जिब्रेलिकची मात्रा किती, फलधारक डोळा काडीवर कितव्या पेरावर, पावसात मणी तडकतो का, हे सगळे पहिल्या दोन हंगामांत पैसे घालवूनच कळते.

म्हणून बाग उपटण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी असाव्यात असे आमचे मत आहे. एक, नव्या जातीचा माल निर्यातीत न बसल्यास तो देशी बाजारात विकण्याची मुभा. दोन, परवाना शुल्क झाडावर की विकलेल्या किलोवर. झाडावर असेल तर गारपिटीच्या वर्षीही ते भरावे लागते. तीन, माल तिकडे नापास झाला तर नुकसान कुणाचे, आणि पुराव्यासाठी कुठल्या प्रयोगशाळेचा अहवाल धरायचा. २०१० चे बहुतेक वाद या तिसऱ्या कलमाच्या अभावी झाले. ज्यांच्याकडे चार-पाच एकरांपैकी एकच एकर बदलून बाकीची बाग चालू ठेवण्याची ऐपत आहे त्यांनी बदलाची सुरुवात एकाच एकरापासून करावी. एकच एकर असलेल्याने स्वतंत्रपणे या भानगडीत पडू नये, शेतकरी कंपनीच्या चाचणी प्लॉटचे दोन हंगामांचे आकडे हाती येईपर्यंत थॉमसनवरच राहावे.